झावळ्यांमधलं आभाळ

सिनेगॉगच्या फाटकाशी बसलेला हवालदार आमच्या मांडवाकडे टक लावून बघत होता. सुक्कोथच्या सणाला आम्ही कोकणातले ज्यू अंगणात हा मांडव घालतो, वर नारळाच्या झावळ्या टाकतो आणि सणभर त्याखाली बसून जेवतो. यंदा अंगणाच्या भिंतीवर काटेरी तार आली आहे. युद्ध पेटलंय ते दूर कुठेतरी, पण इथे एखादी मोटार जरा रेंगाळली की माझा हात थांबतो.

"वरून ताडपत्री टाका की," हवालदार म्हणाला. "समोरच्या गच्चीवरनं सगळं दिसतंय."

या मांडवाला ताडपत्री चालत नाही, छप्पर झाडापानांचंच लागतं. मी झावळ्यांवर झावळ्या चढवत गेलो. खाली माझी रिबकामावशी मांडवात टांगायला पेरू, केळी बांधत होती. तिने मान वर केली.

"अरे, एवढं दाट नको. आतून चांदण्या दिसायला हव्यात."

"मावशी, दिवस कसले आहेत!"

"म्हणून तर."

काय सण आहे हा! जीव मुठीत धरून बसलेल्यांनाही डोक्यावर पक्कं छप्पर नको म्हणतो. आमचे पूर्वज वाळवंटात अशाच झोपड्यांत राहिले म्हणे. त्यांना तरी झोप लागत असेल का?

अंधारून आलं तेव्हा मी एक झावळी ओढून काढली आणि ती घेऊनच शिडीवरून उतरलो. फटीत खरंच एक चांदणी होती. तेवढ्यात रस्त्यावर कुठलीशी मोटार हळू झाली, आणि हातातली झावळी काही मला खाली ठेववेना.