सलामाचा पोकळ आवाज

सूर गावच्या खाडीकाठी जुमआन बिन संगूरएवढा तोंडाळ म्हातारा दुसरा नव्हता, आणि त्याच्याएवढा कसबी कलफातीही. गलबताच्या फळ्यांमधल्या सांध्यांत माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, हे त्याचं साठ वर्षांचं काम. सांधा भरला की नाही हे तो डोळ्यांनी बघतच नसे. मोगरी मारायची नि ऐकायचं. भरलेला सांधा टणक बोलतो, सुकलेला पोकळ.

मग गावाचा वारसा जपायला सरकारी कचेरीतला हिलाल आला. अंगाला अत्तर, गळ्यात ओळखपत्र. समुद्राशी संबंध ताटातल्या माशापुरता. लोकांनी कानात यंत्र घालून काठाकाठानं फिरायचं, यंत्रानं जुन्या गोष्टी सांगायच्या, आणि शेवटच्या थांब्यावर सलामा पाण्यात उतरायची, असा त्याचा बेत. सलामा म्हणजे गावातलं शेवटचं लाकडी गलबत. तिचे सांधे तरुणपणी जुमआननंच भरले होते. बारा वर्षं ती उन्हात सुकत पडली, तेव्हा वारसा कुणाला आठवला नाही.

"बाबा, जरा ठोका बरं," हिलालनं आवाज टिपायचं यंत्र पुढे धरलं.

जुमआननं फळीवर मोगरी मारली. टॉक. टॉक.

"वा! काय घुमतोय!"

"घुमणारच. आत काही नाही, तुझ्या टाळक्यासारखं. हा बुडणाऱ्या गलबताचा आवाज आहे, पोरा. महिनाभर थांब, मी सांधे भरतो."

"लाकूड पाण्यात फुगतंच की, बाबा."

"फुगतं. पण फटीत कापूस असला तर!"

"पाहुणे गुरुवारी येताहेत. आणि त्या माशाच्या तेलाचा वास केवढा येतो!"

"सूरमध्ये जन्मून वास येतो? आईनं गुलाबपाणी पाजून वाढवलं काय रे तुला?"

गुरुवारी पाहुणे आले, हलवा-कहवा झाला, सगळ्यांनी कानांत यंत्रं खुपसली. दोर सुटले, सलामा पाण्यात सरकली आणि सगळीकडून गळायला लागली. जुमआन गुडघाभर पाण्यात शिरून ओरडत सुटला, "ओढा! मागे ओढा तिला!"

ऐकणार कोण? पाहुणे यंत्रात भरलेली त्याचीच टॉक-टॉक ऐकत माना डोलवत होते. एकीनं तर डोळे मिटले होते. सलामा निम्मी खाली बसली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

आठवड्यानं हिलाल पुन्हा हजर. लाज कोळून प्यायलेला.

"बाबा, बुडालेलं गलबत म्हणून नवा थांबा करतोय. दोन शब्द बोला ना. जरा मनापासून."

जुमआनचे डोळे भरून आले होते. त्यानं ते लपवले नाहीत.

"मला बोलायचं होतं ते तू आधीच भरून नेलंयस," तो म्हणाला. "तेच लाव."