निवडणुकीला अखेर तारीख

बीडच्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयात ‘तारीख’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक मतदानाची, दुसरी कोर्टाची. बोलताना कोणी फोड करत नसे.

आरक्षणाच्या याचिकांमुळे पंचायत समित्यांच्या निवडणुका सर्वोच्च न्यायालयात अडकल्या होत्या. मुदत संपलेल्या समित्यांवर प्रशासक बसले होते. एका संध्याकाळी दिल्लीहून बातमी आली की याचिकांवर पुढच्या महिन्यात सुनावणी होईल. मथळ्याला जागा कमी होती. मी लिहिलं, ‘पंचायत समिती निवडणुकीला अखेर तारीख’. खाली मजकुरात ‘सुनावणी’ हा शब्द दोनदा होता. सकाळी मोबाइलवर फिरला तो फक्त मथळा.

तिसऱ्या दिवशी तेलगावकडची एक बाई वडिलांना घेऊन कार्यालयात आली. ती पंचायत समितीत कंत्राटी संगणक चालक होती. समितीची नोकरी असताना समितीला उभं राहता येत नाही, म्हणून मथळा पाहिला त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला. तो त्याच दिवशी मंजूर झाला. त्या कार्यालयात तिचा कुठलाच कागद इतक्या लवकर निघाला नव्हता.

“तारीख म्हनलं तुमी. कोनती, ते कावून न्हाई लिवलं?”

मी मजकुरावर बोट ठेवलं. तिनं वाचला.

“हे बारीक कोन वाचतंय, सायब?”

खालच्या मजल्यावरचे कापड दुकानदार पेपर न्यायला आले होते. ते थांबले. “मत आपलं आन तारीख त्यांची. उद्या सरपंच बी दिल्लीहून पार्सलनं येतोय बघा.”

तिचे वडील एसटीतून निवृत्त झालेले वाहक. ते उठून उभे राहिले. “शेठ, कोर्ट हाय म्हनून आमच्या राखीव जागा शाबूत हायत. निवडून आलेल्यांवर सोडल्या असत्या, तर तुमी कवाच गिळल्या असत्या.”

“मी कशाला गिळू? मला शुगर हाय.”

वडिलांनाही हसू आलं. ती हसली नाही.

“आप्पा, कोर्टानं जागा राखली, खरं हाय. पन आज त्या जागेवर बसलंय कोन?”

वडील पुन्हा खुर्चीत बसले. आयुष्यभर ज्या कोर्टाची बाजू घेतली, त्याच्यावर मुलीनं घेतलेला हा पहिला आक्षेप असावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. महिनाभरानं सुनावणी पुढे ढकलली गेली. नंतर पुन्हा. आम्ही मथळ्यात ‘तारीख’ लिहिणं बंद केलं. गावांतून फोन येत राहिले, “लागली का तारीख?” हळूहळू तेही थांबले. विचारणारे आता आपली कामं घेऊन थेट प्रशासकांकडे जात.

काही महिन्यांनी बातमीसाठी त्या पंचायत समितीत गेलो. नोकरीवर परत घ्या, असा अर्ज घेऊन तीही आली होती. सभागृहात आजवरच्या सभापतींच्या नावांचा फलक होता. शेवटच्या नावाखाली पेंटरनं पूर्वीच आखून ठेवलेल्या ओळी रिकाम्या होत्या. त्या दिवशी शिडीवर चढून तो तिथं प्रशासकांचं नाव रंगवत होता. एकाच नावानं तीन ओळी व्यापल्या होत्या.

“दादा, ही यादी निवडून आलेल्यांची हाय ना?” तिनं खालून विचारलं.

“चिठ्ठीत हाय ते लिवतोय, ताई.”

“मग एवढं मोठं कावून?”

“जागा उरली न्हाई पाहिजे म्हनले.”

ती फलकाकडे बघत राहिली. निवडून येऊन सभापती झाली असती, तर आपलं नाव कुठल्या ओळीत आलं असतं, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथं मला पाठवला.

“छापा हे. आन खाली तारीख टाका. आजची.”

फोटो मी डेस्कवर दिला. वरिष्ठांनी तो पाहिला आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचं सांगितलं. फलकाचं प्रकरण कुठल्याही न्यायालयात नव्हतं. मी तसं म्हणालो नाही.