तिकडं म्हणजे माकणी, नळदुर्ग की अणदूर?

पुढच्या सहलीचं ठिकाण ठरवायचं काम आमच्या घरात दिवाळीपासून चालू होतं. मी फोनवर हिमाचलचा बर्फ दाखवला की अप्पा म्हणायचे, "बर्फ बघायला एवढं लांब कशाला, फ्रीज हाय की घरात." केरळच्या होड्या दाखवल्या की विचारायचे, तिथं भाकरी मिळती का. आणि आत्या, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती चष्मा न लावताच फोनकडं बघायची आणि म्हणायची, "तुमी म्हनाल तिथं."

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. धाराशिवात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. संक्रांत झाली की तिचा मुलगा, महेशदादा, तिला कायमची पुण्याला नेणार होता. ते ठरलं तेव्हाही ती "तू म्हनशील तसं" एवढंच बोलली होती. तिला खरंच जायचंय का, हे कुणालाच माहीत नव्हतं. अप्पांना ती जाऊ नये असं फार वाटत होतं, पण मायलेकांच्या मधे बोलणारे आपण कोण, म्हणून ते तोंड मिटून बसले होते. मी ठरवलं की ती जायच्या आधी एक तरी सहल तिच्या मनासारखी घडवायची. पण मन कळायला तिनं आधी काहीतरी म्हणायला हवं ना.

शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी अप्पा वैतागले. "लांबचं ऱ्हाऊ द्या. उद्या तिकडं तरी जाऊन येऊ." मी लगेच हो म्हटलं. आत्याही खुलली आणि धपाट्याचं पीठ भिजवायला उठली. 

इथं वाचकांना एक सांगायला हवं. आमच्याकडं घराबाहेर पडणाऱ्या माणसाला कुठं म्हणून विचारत नाहीत. विचारलं की टोकलं, आणि टोकलं की काम होत नाही. शेजारच्या काकूंनीही सकाळी गाडी निघताना "लांबचा पल्ला दिसतोय" एवढंच म्हणून माहिती काढायचा प्रयत्न केला. अप्पा "व्हय, जरा" म्हणाले. सगळं कसं रीतीप्रमाणं झालं, आणि त्यातच घोळ झाला.

मी गाडी तुळजापूर रस्त्याला घातली तशी मागून आत्या म्हणाली, "हिकडनं कशाला? बेंबळीवरनं जवळ पडतंय की."

"बेंबळी? आत्या, नळदुर्गला बेंबळी कशाला लागते?"

"नळदुर्ग कुनी काढलं? आपन माकनीला चाललाव न्हवं, धरन बघायला?"

अप्पा दोघींकडं बघत राहिले. त्यांच्या मांडीवर भंडाऱ्याची पुडी आणि नारळ असलेली पिशवी होती. "म्या अणदूरच्या खंडोबाला निघालोय," ते म्हणाले. "तिकडं म्हनलो की काल. तिकडं म्हणजे दुसरं काय असतंय?"

म्हणजे एका गाडीत तीन माणसं तीन ठिकाणी निघाली होती. मी गाडी कडेला घेतली आणि पोट धरून हसले. अप्पांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण या गडबडीत एक नवल घडलं होतं. आत्यानं आपल्या तोंडानं एका गावाचं नाव घेतलं होतं. मी गाडी वळवली आणि सांगितलं, तिन्ही ठिकाणं करू, सुरुवात माकणीपासून.

बेंबळीत नाश्त्याला सुशीला घेतली. नाव ऐकून पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी दचकू नये. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन करतात ती ही सुशीला, वर डाळव्याची, म्हणजे फुटाण्याच्या डाळीची, भुकटी आणि भरपूर कोथिंबीर. चहासकट तिघांचं बिल शंभराच्या आत आलं. पुढचा रस्ता मधेच चांगला, मधेच आठवणीपुरता उरलेला. वेळ जास्तीचा धरा. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याइतकी उभी होती, तुरीची रास, म्हणजे मळणी, कुठं कुठं चालू होती, आणि आत्या खिडकीतून प्रत्येक रानाचा निकाल देत होती. हे पीक चांगलं, हे उशिरा पेरलं, हे तर गेलंच.

माकणीजवळ निम्न तेरणा धरणाचं पाणी दिसलं तसा तिनं पिशवीतून चष्मा काढून लावला. हॉटेल-बिटेल काही नाही, पाणी आणि वारा, तेव्हा टोपी आणि खायचं सोबत न्या. आमची धपाटी होतीच. वर एका रानात हुरडा भाजत बसलेल्या मावशींनी आम्हाला हाक मारून बसवलं. गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे आणि शेंगदाण्याची चटणी. पैसे विचारले तर त्या रागावल्या.

"कुण्या गावच्या तुमी?" त्यांनी आत्याला विचारलं.

"धाराशिवची. आता पोरगं पुण्याला नेतंय मला."

"मग बरं हाय की. आराम."

"व्हय, आरामच," आत्या म्हणाली आणि हातातला हुरडा फुंकत बसली. मी जाते असं तिनं म्हटलं नाही, पोरगं नेतंय म्हणाली. मला ते लागलं. 

तिथून लोहाऱ्यावरून आम्ही सोलापूर-हैदराबाद हायवेला लागलो आणि नळदुर्गला पोचलो. किल्ल्याला तिकीट आहे, सुट्टे पैसे ठेवा आणि चपला सोडून बूट घाला. नदीवर बांधलेल्या भिंतीवरून पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, तेव्हाच या. जानेवारीत आलेल्या आम्हाला कोरडी भिंत बघायला मिळाली. "नर बी न्हाय आन् मादी बी न्हाय," अप्पा म्हणाले. "आता चला अणदूरला, माझा देव कुटं जात न्हाय."

अणदूर तिथून गाडीनं अगदी जवळ. अप्पा भंडाऱ्याची पुडी घेऊन तरातरा देवळाकडं निघाले, तर नारळ विकायला बसलेल्या आजींनी त्यांना बसल्या जागेवरूनच अडवलं.

"देव न्हाय हितं. नळदुर्गला हाय."

अप्पांचा चेहरा त्या क्षणी फोटो काढण्यासारखा झाला होता आणि मी तो काढला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. झालं असं की या खंडोबाची घरं दोन. वर्षातले बहुतेक महिने तो अणदूरला असतो आणि मार्गशीर्ष-पौषाचे दोनेक महिने पालखीतून नळदुर्गजवळ मैलारपूरच्या देवळात राहायला जातो. अप्पांना हे लहानपणापासून माहीत. "मला वाटलं आला आसंल परत," ते पुटपुटले.

आत्या हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत ती आजींच्या शेजारी जाऊन बसली. "आन् हितल्या लोकांना राग येत न्हाय व्हय, देव गेला म्हनून?"

"राग कशाचा? जाताना दोनी गावची मानकरी मानसं करार लिहून घेत्यात, कवा परत आनायचा त्येचा. जातोय तसा येतोय बी."

"एकाच जागी ऱ्हा म्हनून कुनी म्हनत न्हाय त्येला?"

"देवाला कोन म्हनंल बया?"

आम्ही आल्या रस्त्यानं परत नळदुर्गकडं निघालो. गाडीत आत्या बोटांवर महिने मोजत होती. मैलारपूरला गर्दी होती, भंडाऱ्यानं पायऱ्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. अप्पांनी नारळ फोडला, मनासारखं दर्शन झालं. बाहेर येऊन आत्या कट्ट्यावर बसली आणि मला म्हणाली, "महेशला लाव गं फोन. आन् मोठ्यानं ऐकू येऊ दे."

मी स्पीकर लावला. महेशदादानं जेवलीस का विचारायच्या आतच ती म्हणाली, "महेश, म्या पुण्याला येते, पन दोन महिन्यासाठी. बाकीचं साल धाराशिवला."

मग तो म्हणाला, "आई, अगं तुझ्यासाठी खोली रंगवली मी. पोरांनी पलंग कुठं ठेवायचा तेही ठरवलंय." त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि खरं सांगते, मला त्याचंही वाईट वाटलं. तो काही तिला ओढून नेत नव्हता. त्यानं विचारलं नव्हतं आणि हिनं सांगितलं नव्हतं, एवढंच.

"ती खोली माझीच ऱ्हाऊ दे की," आत्या म्हणाली. "देव गेला म्हनून कुनी देऊळ पाडतंय व्हय?"

"आणि तिथं तुला काही झालं, तर लोक काय म्हणतील? आईला एकटं टाकलं म्हणतील."

"एकटी? हितं भारत हाय." भारत म्हणजे आमचे अप्पा. ते पाठ फिरवून पायरीवरचा भंडारा बोटानं गोळा करत होते, आणि ते रडत होते.

"विचार करून सांगतो," म्हणून महेशदादानं फोन ठेवला. परतीच्या रस्त्यात तुळजापूरला चहा घेतला, पण कुणाचं लक्ष चहात नव्हतं. हो म्हणंल, नाही म्हणंल, एवढंच आमचं चाललं होतं. आत्या एकटीच निवांत होती. मन सांगून झालं होतं तिचं.

घरी पोचून हिशेब मांडला. रस्ता चुकीचा, मोसम चुकीचा, देव चुकीच्या गावात. तुम्ही करणार असाल तर पावसाळ्यात किल्ला करा, हुरड्याला जानेवारीत माकणीकडं जा आणि देव सध्या कोणत्या देवळात आहे ते आधी विचारून घ्या. हिमाचल आणि केरळ आम्ही तूर्त बाजूला ठेवलेत, कारण पुढचं ठिकाण आत्यानं सांगून टाकलंय, पुणे. आम्ही दोघं तिला सोडायला जाणार आणि शनिवारवाडा बघून येणार. 

हे लिहीत बसले होते तेवढ्यात भिंतीपलीकडं तिचा फोन वाजला. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, त्यात आत्यानं स्पीकर लावलेला. महेशदादा विचारत होता, "आई, परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का?"

"काढ," आत्या म्हणाली. "खिडकीजवळचं बघ."