पगारेंच्या खोलीतला रेडॉन

"सर, ही फिल्म मोजता येत नाही," भालेराव मायक्रोस्कोपपासून बाजूला होत म्हणाले. "डागावर डाग चढलेत."

मी शिकवायचो त्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये भालेराव असिस्टंट होते. शिक्षण बारावी. पण त्यांनी एखादी फिल्म सकाळी मोजली आणि संध्याकाळी पुन्हा मोजली, तरी आकडा तोच यायचा. गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभेत मला बोलता आलं नाही, म्हणून नव्वदच्या दशकातली ही हकिगत लिहून ठेवतो.

आम्ही घरांमधला रेडॉन मोजत होतो. रेडॉन हा जमिनीतून, दगडमातीतून निघणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो बंद खोलीत येऊन साठतो. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोजायची रीत साधी होती. फोटोच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डबीत खास प्लॅस्टिक फिल्मचा तुकडा लावायचा आणि डबी उघड्या तोंडाने खोलीच्या मधोमध तीन महिने टांगायची. वायूतून सुटणारे कण फिल्मवर ओरखडे पाडतात. मग फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली की ते मोठे होऊन मायक्रोस्कोपखाली डागांसारखे दिसतात. जितके डाग जास्त, तितका वायू जास्त.

नाशिकच्या काळ्या दगडात युरेनियम फार थोडं. त्यामुळे सगळ्या घरांचे आकडे कमी येत होते. एवढीच फिल्म वेगळी होती. ती नाशिक रोडच्या पगारेंच्या घरातली. त्यांचा मांडव-डेकोरेशनचा व्यवसाय, घर तळमजल्यावर.

आमच्या विभागाचे हेड सर खूश झाले. "यावर पेपर होईल. कॉन्फरन्सला पाठवू."

मी पगारेंकडे गेलो आणि डबी टांगली होती ती आतली खोली वापरू नका म्हणून सांगितलं. तसे ते म्हणाले,

"सर, पोरगी येतीय पुढच्या आठवड्यात. पहिलं बाळंतपण. सासरी तिचं करणारं कोणी नाही. ही खोली तिच्यासाठीच रंगवली. येऊ नको म्हणून कळवू का?"

मी विचार करून सांगतो म्हणालो.

लॅबमध्ये हे सांगितलं, तेव्हा भालेराव त्या डबीचा दोरा बोटावर घेऊन पाहत होते.

"डबी टांगली कोणी, सर?"

"मीच. पंख्याजवळ, छताच्या हुकाला."

"आणि काढली कोणी?"

"पगारेंच्या बायकोने, वहिनींनी. मला दारातच दिली."

"मग दोऱ्याला कोळिष्टक कसं? पंख्याच्या वाऱ्यात कोळी संसार मांडत नाही."

डबी काढताना न पाहताच मी फॉर्मवर 'खोलीच्या मध्यभागी' असं लिहून सही केली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून जीएम काउंटर घेऊन गेलो. किरण लागला की टक् असा आवाज करणारं ते यंत्र. भालेरावांनी ते सगळ्या रस्त्याने मांडीवर धरलं होतं. त्यांनी वहिनींना डबीबद्दल विचारलं, तशा त्या ओशाळल्या.

"येईल तो विचारायचा, दृष्टीची काळी बाहुली घराच्या आत का टांगली? आमची नणंद तर म्हणाली, कोणी करणी केली का बघा. काढून टाकली तर सर रागावतील, म्हणून याच खोलीच्या माळ्यावर ठेवली. नीट ठेवली हो, खोक्याला बांधून."

"कसलं खोकं?"

"मेंटलचं," पगारे म्हणाले. "वरातीच्या गॅसबत्त्यांचं. शेडमध्ये मेंटल सादळतात."

मेंटल म्हणजे गॅसबत्तीत उजेड देणारी जाळी. तिच्यात तेव्हा थोरियम असायचं. थोरियमपासून थोरॉन निघतो, रेडॉनचा भाऊच. पण तो अल्पायुषी. मिनिटाभरात निम्मा संपतो, माळ्यावरून खाली पलंगापर्यंत फारसा पोचतच नाही. आमची डबी मात्र खोक्याच्या तोंडाशीच बांधलेली होती.

माळ्यावर काउंटर तडतडत सुटला. खाली पलंगापाशी सावकाश टक्, टक्. भालेरावांनी पगारेंना दोन्हीकडे नेऊन ऐकवलं.

"इथं पलंगापाशी वाजतंय तेवढं आमच्या लॅबमध्येही वाजतं."

"म्हणजे माझ्या वराती किरणं उडवत फिरतात?"

"वरातीत नवरदेवाला त्याहून मोठा धोका असतो," भालेराव म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

हा काउंटर हवेतला रेडॉन मोजत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यासाठी नवी फिल्म तीन महिने टांगावी लागेल; तोवर खोकं बाहेर न्या आणि खिडकी उघडी ठेवा, असं म्हणालो. वहिनींना ते पटेना. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्यांच्याकडे महिना-सव्वा महिना खोली बंद ठेवतात.

"वहिनी, तिच्या कानाला फडकं बांधा," भालेराव म्हणाले. "पलंग कोपऱ्यात सरकवा. पण खिडकी बंद ठेवू नका."

मुलगी आली. तिलाही मुलगी झाली. आम्ही नवी फिल्म टांगली, या वेळी पांढऱ्या डबीत. दर पंधरवड्याला भालेराव स्वतः जाऊन ती जागेवर आहे का पाहून यायचे. आकडा शेजारच्या घरांइतकाच आला.

हेड सरांनी कॉन्फरन्सचा कागद फाडला आणि आमच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. मी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: 'डबी काढताना जागेवर पाहिली का?' त्यापुढे सही करण्याचं काम निवृत्तीपर्यंत भालेरावांकडेच राहिलं. माझी सही त्यांनी चालू दिली नाही, आणि ते योग्यच होतं.