रॉकेलच्या वासाची वाईन

दोन हजार चोवीस साल. मला शहात्तरावं लागलं होतं. मुलानं पार्सिपनीतल्या त्याच्या घरून गाडी काढली आणि चार तास चालवत मला फिंगर लेक्सला नेलं. बोटांसारखी लांबट तळी, उतारावर द्राक्षं. खालचा दगड काळा, पापुद्र्यांचा, शाळेच्या पाटीचा असतो तसला. पाटीशी माझी ओळख दुसरीपर्यंतच, पण दगड मला कळतो.

"अण्णा, तळं इतकं खोल आहे, की उन्हाळ्याची ऊब पाण्यात राहते," मुलगा म्हणाला. "थंडीत तीच वेलींना वाचवते."

"बरं. मला पाजायला नाही ना आणलंस?"

"नुसता वास घ्या हो."

दारूला मी जन्मात शिवलेलो नाही. पण वासाला काय? मळ्यातच वाईन चाखायला देतात, तिथं ओतणाऱ्या बाईनं दहा वर्षं जुनी ड्राय रिझलिंग, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची वाईन, काढली. ड्राय म्हणजे गोडवा न उरलेली, असं मुलानं सांगितलं. मी ग्लास नाकाशी नेला आणि दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

रॉकेलचा वास होता तो.

"जुन्या रिझलिंगला येतो तसा," मुलगा म्हणाला. "लोक त्यासाठीच घेतात." मग त्या बाईला म्हणाला, "माय फादर वॉज इन पेट्रोलियम."

"गाड्यावर रॉकेल विकलंय मी. तीस वर्षं. सांग तिला."

त्यानं सांगितलं नाही.

पिंप, नळ, नरसाळं. हाताचा वास साबणानं जायचा नाही. बायकोचे डोळे साखरेनं गेले, तेव्हा ती मला त्या वासावरूनच ओळखायची. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी आतून हाक यायची, "आलात का?" पुढे घरोघर गॅस आला, गाडा बंद पडला. वासही गेला. मला तेव्हा बरंच वाटलं.

मग तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी दाढी करून, मुलानं पाठवलेला कोरा शर्ट घालून, पावडर लावून गेलो. न बोलता खाटेजवळ बसलो. तिनं मान वळवली. "कोण आहे?"

चाळीस वर्षांचा संसार, आणि मला विचारते कोण? ओळखू दे तिची तिला, म्हणून गप्प राहिलो. तिनं परत विचारलं, जरा घाबरून, "कोण बसलंय?" मी उठलो आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. रुसून. नर्सनं बोलावलं तेव्हा ती गेलेली होती.

मुलगा लोकांना सांगतो, अण्णा शेवटपर्यंत आईजवळ होते. मी कधी खोडलं नाही. पण तेव्हापासून कुठल्याही खोलीत मी आधी बोलतो, मग शिरतो. खोली रिकामी असली तरी. सून हसते.

"ती बाटली घे," मी म्हटलं.

"तुम्ही पिणार, अण्णा?"

"घे म्हटलं ना."

परतताना बाटली माझ्या मांडीवर होती. मागच्या सीटवर कोणीतरी विचारायच्या बेतात बसलंय असं सारखं वाटत होतं. मी एकदाही वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना मी किचनमध्ये गेलो. झाकण फिरवून बाटली उघडली, ओंजळीत थोडी ओतून घेतली, कोपरापर्यंत चोळली आणि टेबलाशी बसलो. जिन्यावर पावलं वाजली. मुलाचा झोपाळलेला आवाज आला, "कोण आहे खाली?"

"मी आहे," मी लगेच म्हटलं. "मीच आहे रे. ये, बस. तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलंय."