माळ्यावरची निळी बॅग

उंब्रजचे नाथाजी सुभेदार शेतावरून रोज वेगळ्या वाटेने घरी येतात. आज ओढ्याकडून, उद्या शाळेमागून, परवा थेट शेजारच्या हरणाबाईंच्या परसातून. रोज एकाच वाटेने जाणारा माणूस लवकर मरतो, हे त्यांना लष्कराने शिकवलं होतं. त्यांच्या म्हशीला मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी पहिल्याच वळणावर सुभेदार एकीकडे आणि म्हैस दुसरीकडे, अशी ओढाताण चालायची आणि पारावरची मंडळी ती फुकटात बघायची. हॉटेलातही सुभेदार भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. ती जागा कुणी अडवलेली असली, तर चहा उभ्यानेच होई.

नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी काश्मीरच्या रस्त्यांत पुरलेले सुरुंग शोधण्यात घालवली होती. पोटावर पालथं पडून, बोटांनी माती बाजूला सारत. त्या रस्त्याच्या एका वळणावर अक्रोडाचं झाड होतं, झाडाखाली झरा होता, आणि झाडाचा म्हातारा मालक मूठभर अक्रोड हातावर ठेवून, पुढच्या खेपेला बायकोला घेऊन या, असं दर वेळी म्हणायचा. हे झाड सुभेदारांनी अंजनाबाईंना इतक्यांदा सांगितलं होतं, की त्याची फांदी न् फांदी त्यांना पाठ झाली होती. ‘शांतता झाली की दाखवतो,’ असा शब्द दिलेला होता. अंजनाबाईंचा लांबचा प्रवास म्हणजे आजवर जेजुरी.

निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी कराडहून निळी बॅग आणली, अंजनाबाईंसाठी लाल स्वेटर आणला. त्याच वर्षी हायस्कुलात झेंडावंदनाला त्यांनी भाषण केलं. “अतिरेक्याला धा मानसं मारायची नसत्यात, पोरांनो. धा मारून धा लाख घरात बसवायची असत्यात. आपन हिंडत ऱ्हायचं.” पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं.

काश्मीरसाठी पहिल्यांदा बॅग भरली त्या आठवड्यात तिकडे घाटात स्फोट झाला. सहल कंपनीने सहल रद्द केली. प्रवासासाठी केलेला डबाभर चिवडा शेजाऱ्यांना बोलावून संपवायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच टीव्ही चालू होता. पडद्यावर एक बाई रस्त्यात बसून रडत होती. ज्याच्या त्याच्या हातात चिवडा, आणि गिळवेना कुणालाच.

दुसऱ्यांदा बॅग भरली, तेव्हा गोळ्या फिरायला गेलेल्या माणसांवरच झाडल्या गेल्या. बायकापोरांसमोर. या वेळी चिवडा म्हशीनेही नीट खाल्ला नाही. पारावर मात्र एक नवी म्हण तयार झाली: सुभेदारानं बॅगेची चेन ओढली की बातमी येतीय. म्हणणारे हसत म्हणत, ऐकणारे हसत ऐकत. मग हळूहळू हसणं गळून गेलं आणि म्हण तेवढी राहिली.

तिसऱ्या खेपेला बॅग अर्धी भरली असेल-नसेल, हरणाबाई दारात आल्या. त्यांचा लेक शिवतेज फौजेत होता, आणि तेव्हा काश्मीरलाच होता. सुभेदारांनी त्यांना बसवलं आणि बॅगेचा न् बंदुकीचा काडीचाही संबंध नाही, हे बारकाईने समजावून सांगितलं. अतिरेकी कट कसा रचतात, खबर कशी लागते, कशी हुकते, सगळं सांगितलं. हरणाबाईंनी मन लावून ऐकलं.

“व्हय. संबंध न्हाई,” त्या म्हणाल्या. उठल्या मात्र नाहीत.

“मग?”

“तुमी म्हनताय ते समदं कळतंय, भावजी. पर भरू नगा.”

सुभेदार पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तोवर अंजनाबाईंनी आत जाऊन बॅगेतला लाल स्वेटर बाहेर काढून त्याची घडी घातली होती.

त्या हंगामात काहीही झालं नाही. शिवतेज सुखरूप सुट्टीवर आला. हरणाबाई पेढे घेऊन आल्या, लेकाला सुभेदारांच्या पाया पडायला लावलं आणि लय उपकार झाले म्हणाल्या. झालं! बॅग न भरताही काही घडलं असतं, तर निदान हरणाबाईंची समजूत खोटी ठरली असती. काही घडलंच नाही, आणि याहून पक्का पुरावा गावाला कुठला मिळणार? तिकडे पोरं असलेल्या आणखी दोघी-तिघी आया येऊन बजावून गेल्या. दसऱ्याच्या साफसफाईत माळा झाडायला काढला, तेव्हा हरणाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, बॅग खाली येत नाही ना ते बघत. सुभेदारांनी बॅगेभोवतालची धूळ तेवढी पुसली.

यंदा अंजनाबाईंचे गुडघे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला. बरेच दिवस राहायची तयारी करून या म्हणाले. चढाच्या वाटा आता विसरा, असंही जाता जाता म्हणाले.

निघायच्या दिवशी सुभेदार स्टुलावर चढले. बॅगेची कड धरली, आणि हात तिथेच थांबला. याच बोटांनी त्यांनी जिवंत सुरुंग मातीतून उकरून काढले होते, तेव्हा ती अडली नव्हती. आपण मिरजेला चाललोय, काश्मीरला नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. त्यांना ते पटलंही. हात काही हलेना.

खालून अंजनाबाई बघत होत्या.

“आवं, ऱ्हाऊ द्या ती,” त्या हळूच म्हणाल्या. “शिवतेज परवाच परत गेलाय ड्यूटीवर.”

“मी बी त्येच...” सुभेदार म्हणाले आणि खाली उतरले.

कपडे बाजाराच्या दोन पिशव्यांत कोंबले. थोडे उरले, ते चादरीत बांधले. सगळ्यांत शेवटी अंजनाबाईंनी लाल स्वेटर काढला, त्याची दुकानातली चिठ्ठी दातांनी तोडली आणि तो वर ठेवला. दवाखान्यात म्हणे एसी असतो, फार गारठतं.

एसटी स्टँडकडे जाताना सुभेदार सवयीने लांबच्या वाटेला वळले. मग त्यांनी अंजनाबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते जवळच्या वाटेने निघाले, दर चार पावलांवर मागे वळून बघत.