दाजींची चाल

दाजींकडे आयुष्यात कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा फोटोग्राफरने त्यांना ‘जरा डावीकडे, अजून जरा’ करत इतकं सरकवलं की बहुतेक फोटोंत ते अर्धेच आले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. अर्धे तर अर्धे, आलो ना, असा त्यांचा हिशेब.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फरशांच्या दुकानात काढली. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की गोदामातून खोका आणायचा, नापसंत झाला की परत नेऊन ठेवायचा. नवरा-बायको मिळून फरशी बघायला आले की पहिला खोका पसंत पडत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढे कधी खोटं ठरलं नाही. खोका कायम उजव्या कमरेवर. त्यामुळे व्हायचं ते झालं. दाजींचा उजवा पाय टेकण्याआधी थोडा विचार करायला लागला, त्याला सावरायला डावा खांदा पुढे धावायला लागला, आणि मान मात्र खाली काय गोंधळ चाललाय ते आपल्या कानावरच आलेलं नाही अशी ताठ. असे ते चालायचे. ताई, म्हणजे त्यांची बायको, जिन्यात पाऊल वाजलं की गॅसवर चहा ठेवायची. तिला दाराची बेल कधी लागली नाही.

दुकान बंद पडलं तेव्हा दाजींचं वय नवी नोकरी मिळण्यापलीकडे आणि घरी बसण्याअलीकडे होतं. ताईने धाकट्या भावाला फोन केला. भावाची व्हिडिओ गेम बनवायची कंपनी होती. सख्ख्या बहिणीचा नवरा, नाही म्हणायची सोयच नव्हती, तेव्हा दाजी ‘व्यवस्थापक’ झाले. व्यवस्थापन म्हणजे पाण्याचे कॅन आणणं, बेल वाजली की दार उघडणं, आणि खालच्या लॉन्ड्रीवाल्याला दिवसातून दोनदा वाफ कमी करायला सांगणं, कारण वर कॉम्प्युटर तापायचे. मालकच दाजी म्हणतो म्हटल्यावर सगळं ऑफिस त्यांना दाजी म्हणायला लागलं.

आता ह्या कंपनीचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण तो ऐकल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही. ऐकूनही वाटेल याची खात्री नाही. धाकट्याने आणि त्याच्या मित्रांनी सुरुवात केली ती अंतराळयुद्धाच्या गेमने. ग्रह काय, यानं काय, तोफा काय, सगळं कागदावर तयार. काही वर्षं सगळ्यांनी जिवाचं रान केलं आणि त्यातून एका यानातला एक बोळ तयार झाला. बोळ मात्र फार सुंदर झाला. दारं, पाइप, ट्यूबलाइट, हात लावून पाहावंसं वाटेल असा. मग मित्रांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, एकेकाने काखा वर केल्या. मागे उरले मालक, पात्रांना हालचाल देणारी अ‍ॅनिमेटर आणि गोष्ट लिहिणारा लेखक. लेखक म्हणाला, बोळ आहे तर बोळाचीच गेम करू. मग अंतराळ काढून टाकलं. तसंही ते फक्त खिडकीतून दिसत होतं. उरली एक भलीमोठी रिकामी इमारत आणि सगळे घरी गेल्यावर तिथले दिवे बंद करत फिरणारा एक माणूस. गेमचं नाव ठेवलं ‘दिवा कोणी चालू ठेवला?’

माणूस होता, त्याला चाल नव्हती. अ‍ॅनिमेटरने नाना प्रकार करून पाहिले. कधी तो परेडला निघाल्यासारखा वाटे, कधी कपड्यांच्या जाहिरातीतला. तिच्या नाकी नऊ आले. आणि एका दुपारी दाजी पाण्याचा कॅन घेऊन पॅसेजमधून आले. ऑफिसात दिवसभर चालणारा माणूस तो एकच. बाकी सगळे बसलेले. तिने मोबाइल उचलला आणि म्हणाली, “दाजी, परत एकदा दारापर्यंत जाऊन या ना.” दाजींना वाटलं, बेल वाजली.

गेम चालली. चालली म्हणजे त्या चालीवरच चालली. एका परदेशी समीक्षकाने लिहिलं की ह्या पावलांमध्ये गेल्या शतकाचं सगळं ओझं आहे. ओझं होतं ते न आवडलेल्या फरशांचं, पण तसं त्याला कळवावं असं कुणाला सुचलं नाही. कॉलेजची पोरं रस्त्यात एक खांदा पुढे काढून चालायला लागली. कुठल्याशा बाईने लिहिलं, माझे वडील अगदी असे चालायचे, मी सगळी संध्याकाळ एकही दिवा न विझवता नुसती त्याच्या मागे मागे फिरले. लेखकाने ते दाजींना वाचून दाखवलं. दाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ते सुखावले होते, लपवायचं कशाला. एवढं सुख त्यांना आधी कधी झालं नव्हतं.

मग दुसरी गेम ठरली. माणूस तोच, पण इमारतीला मजले. मजले म्हणजे जिने, आणि पहिल्या गेममध्ये दाजी सपाट जमिनीवरच चालले होते. घोडं तिथे अडलं. त्याच सुमारास डॉक्टरने दाजींच्या कमरेचा एक्स-रे उजेडासमोर धरला, सांधा पार झिजलाय म्हणाला, बदलून टाकू, महिन्या-दीड महिन्यात सरळ चालाल.

ऑफिसात ही बातमी दुखवट्यासारखी पोचली. ‘सरळ’ हा शब्द ऐकून लेखक खुर्चीतून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. अ‍ॅनिमेटर समंजस होती. ती म्हणाली, आधी जिने तेवढे रेकॉर्ड करून घेऊ, मग दाजींनी खुशाल ऑपरेशन करावं. ह्यात वावगं काहीच नव्हतं, आणि पुढचा सगळा घोटाळा ह्या समंजसपणातून झाला.

रेकॉर्डिंगसाठी एक काळा, अंगाला चिकटणारा पोशाख आणला. जागोजागी पांढरे गोळे चिकटवलेले. ते गोळे कॅमेऱ्याला दिसतात आणि कॉम्प्युटरला कळतं की कोपर कुठे गेलं, गुडघा कुठे गेला. पोशाख मुळात कुणा उंच नर्तकाचा होता, त्यामुळे दाजींच्या गुडघ्यांचे गोळे पोटऱ्यांवर आले आणि पहिल्या दिवशी पडद्यावरच्या माणसाचे पाय भलतीकडेच वाकले. ते निस्तरलं. दाजी लॉन्ड्रीचा जिना चढले, उतरले. छान झालं. ऑपरेशनची तारीख ठरली.

तेवढ्यात लेखकाला शिडी सुचली. गच्चीवरचा दिवा विझवायचा तर शिडी हवीच. तारीख पुढे गेली. शिडी झाली, तर तळघरात पाणी साचलं. पाण्यातून चालणं वेगळं. मग घाबरून मागे सरकणं. मग झोपलेलं मूल उचलून नेणं, म्हणून दाजी उशी छातीशी धरून पॅसेजभर फिरले. इमारतीत मूल कुठून आलं, असं मालकाने विचारलं. लेखक म्हणाला, ते तिसऱ्या गेममध्ये कळेल. प्रत्येक वेळी दवाखान्याला फोन दाजी स्वतःच करायचे. दवाखान्यातली बाई आवाज ओळखून, ते बोलायच्या आधीच नवी तारीख सांगायची.

आणि मग एक दिवस अ‍ॅनिमेटरने कपाळाला हात लावला. सांधा काही गेमसाठी थांबलेला नव्हता, तो आपला झिजतच होता. उन्हाळ्यात रेकॉर्ड केलेला जिना आणि थंडीत रेकॉर्ड केलेली शिडी जुळेनात. पडद्यावर माणूस बऱ्यापैकी जिना चढायचा आणि शिडीला हात लावताच एकदम वाकडा व्हायचा. मीटिंग झाली. लेखक म्हणाला, सोपं आहे, गोष्ट दहा वर्षांची करू, माणूस हळूहळू थकतो असं दाखवू. म्हणजे प्रत्येक हालचाल दोनदा हवी, एक बरी, एक वाईट. बरी आता कुठून आणायची हा प्रश्न होताच. दाजी म्हणाले, मी प्रयत्न करतो. एकाही शहाण्या माणसाला त्या खोलीत असं वाटलं नाही की आपण काय बोलतोय ते एकदा मोठ्याने ऐकावं.

दुखणं कमी करायच्या गोळ्या होत्या. पण गोळी घेतली की चाल जरा सुधारायची, आणि सुधारली की अ‍ॅनिमेटर हळूच म्हणायची, आज काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय. त्यामुळे दाजींनी गोळ्या बंद केल्या. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. घरी त्यांनी बसणंही सोडलं होतं. बसलं की उठता यायचं नाही, म्हणून जेवायचे ओट्याशी उभं राहून आणि वर्तमानपत्र वाचायचे फ्रिजला टेकून. उभ्याने अन्न पचतं, असं ताईला सांगितलं. पलंग उंच होता, त्यावरून सकाळी घरंगळत उतरता यायचं. ताईने काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा शर्ट धुवायला घेताना खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं, जसंच्या तसं. तिने शर्ट तिथेच बादलीत टाकला आणि तडक भावाचं ऑफिस गाठलं.

दाजी तेव्हा काळ्या पोशाखात, पांढरे गोळे लावून, एका स्टुलावरून दुसऱ्या स्टुलावर पाऊल टाकत होते. दरी ओलांडण्याचं रेकॉर्डिंग होतं. ताईने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मोठ्या बहिणीचा चेहरा पाहून मालक आपण मालक आहोत हे विसरला आणि एकदम उभा राहिला. ती ओरडली नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो माणूस चालत होता. एक खांदा पुढे, मान ताठ. बोळ संपला की वळायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. ती ते पाहत राहिली.

“हा बसतो कधी?” तिने विचारलं.

मालकाने लेखकाकडे पाहिलं. शेवटी लेखक म्हणाला, “ताई, हिरो बसत नाही. तो बसला तर खेळणारा कंटाळेल.”

“खेळणारा बसलेलाच असतो ना?” ताई म्हणाली. “मग ह्यालाच का उभं ठेवलंय?”

हे ती पडद्याकडे बघून म्हणाली, पण आवाज फुटला तो दुसऱ्याच कुणासाठी. दाजींनी मान खाली घातली. भावाला मात्र गेम बनवणाऱ्या माणसाला जे कळायचं तेवढंच कळलं. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ताई, तू फार मोठी गोष्ट बोललीस, ह्याला बसवलंच पाहिजे, आत्ताच्या आत्ता. ताईने त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या जन्मापासूनच्या सगळ्या चुका त्यात आल्या. पण तोवर अ‍ॅनिमेटरने चाकांची एक खुर्ची ओढून आणली होती, आणि दाजी ताईला म्हणाले, अगं, हे शेवटचं, शप्पथ.

दाजी बसले. कित्येक महिन्यांनी बसले. आधी हात मागे गेला, खुर्ची चाचपली, मग अंगातला एकेक भाग परवानगी विचारत खाली आला, आणि टेकल्यावर त्यांनी एक श्वास सोडला. अ‍ॅनिमेटरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने इतक्या वर्षांत यापेक्षा चांगलं काही टिपलं नव्हतं.

“आता उठा, दाजी,” ती म्हणाली.

दाजींनी जोर लावला. परत लावला. मग सगळ्यांकडे बघून, पाण्याचा कॅन उशिरा आल्याबद्दल माफी मागावी तसे म्हणाले, “नाही होत.”

त्यांना खुर्चीसकटच उचललं. लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून दार धरलं. रस्त्यात मालक मागून ढकलत होता, लेखक एक चाक अडकत होतं ते लाथेने सरळ करत होता, आणि मधोमध दाजी, काळ्या पोशाखात, अंगभर गोळे, बाजूने ताई त्यांच्या मांडीवर आपली ओढणी टाकत चाललेली. सिग्नलला सगळी वाहनं थांबली, थांबायला नको होती तीही. कॉलेजची काही पोरं आ वासून बघत राहिली. त्यांनी दाजींना ओळखलं नाही. चालताना दिसले असते तर लगेच ओळखलं असतं. दवाखान्यातल्या बाईने मान वर न करता विचारलं, “कोणती तारीख देऊ?” आणि ताई म्हणाली, “आजची.”

ऑपरेशन उत्तम झालं. दाजी सरळ चालायला लागले, चारचौघांसारखे. पुन्हा ऑफिसात गेले तेव्हा पॅसेजमधून पावलं वाजली, आणि अ‍ॅनिमेटरने आतून विचारलं, कोण आहे? दाजी दारात क्षणभर थांबले. दुखत काहीच नव्हतं, तरी त्यांना फार वाईट वाटलं. मग ते आत जाऊन सगळ्यांबरोबर बसले आणि पुन्हा उठले, तीनचार वेळा, उगाचच.

गेम आली. बसण्याचं रेकॉर्डिंग इतकं सुंदर होतं की ते टाकून देणं मालकाच्या जिवावर आलं. उठण्याचं नव्हतंच. सरळ झालेल्या दाजींनी ते करून पाहिलं, पण एखादा पाहुणा उठावा तसं दिसलं. शेवटी पहिल्याच बोळात एक खुर्ची ठेवली. तीवर त्या माणसाला बसवलं की तो परत उठत नाही, गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. दोघांचं तर आपापसांत भांडणही झालं.

एका रविवारी दुपारी दाजींनी ती घरच्या टीव्हीवर लावली. ताईने आजवर असल्या गोष्टीला हात लावला नव्हता. आज ती म्हणाली, द्या इकडे. कंट्रोलर उलटा धरला होता, तो दाजींनी सुलटा करून दिला. पडद्यावर बोळ उजळला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे दिवे लागलेले. आणि तिकडून तो आला, उजवा पाय विचार करत, खांदा पुढे. ताई बराच वेळ नुसती बघत राहिली. जिन्यातलं ते पाऊल आता घरात कुठेच वाजत नव्हतं. मग तिने त्याला चालवायला घेतलं. तो भिंतीवर आपटला, मागे आला, पुन्हा आपटला. तिने चिकाटी सोडली नाही. हळूहळू त्याला खुर्चीपाशी नेलं आणि दाजी दाखवत होते ते बटण दाबलं. हात मागे गेला, खुर्ची चाचपली, अंग खाली आलं, श्वास सुटला.

“अगं, आता तो उठायचा नाही,” दाजी म्हणाले. “वर पाच मजले आहेत. सगळे दिवे चालू आहेत.”

“राहू देत चालू,” ताई म्हणाली, आणि तिने कंट्रोलर खाली ठेवला.